डावी गाठ

जुळी जन्मली त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे हलत होते आणि मागच्या खोलीत दादांचा पलंग होता. पाळण्यातली दोघं पाळी लावून दिल्यासारखी रडत, एक थकलं की दुसरं सुरू. दादांच्या हाडांत मात्र दुखणं मुक्कामाला आलेलं असूनही ते रात्रभर गाढ झोपत. "या घरात सुखाने झोपणारा माणूस एकच, आणि तोच आजारी," असं दादांचा धाकटा मुलगा, जुळ्यांचा बाप, म्हणायचा.

त्या झोपेचं श्रेय घ्यायला घरात रांग लागली होती. थोरला मुलगा म्हणे, शहरातल्या दवाखान्याचा गुण. त्याची बायको म्हणे, मी हट्टाने आणलेल्या नव्या गादीचा. दादा स्वतः म्हणत, "कुणाचा काही नाही. माझं हाडच मुळात चांगलं. मी बरा होतोय." आत्या सगळ्यांचं ऐकायची आणि सगळ्यांना हो म्हणायची. ती दादांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि तेव्हापासून शेताचा एकूण एक बांध तिच्या पायाखालचा झाला. दादांच्या झोपेचं खरं कारण तिला ठाऊक होतं, कारण ते तिनेच लावलं होतं. मक्याच्या रानात, अगदी मधोमध.

त्या दिवशी सकाळी थोरली सून शेतातून आली, ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली. एरवी दुसऱ्यांच्या चपलांवरून घर डोक्यावर घेणारी बाई ती. तिने टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. एक हिरवी फांदी, करवतीसारख्या कडांच्या लांब पानांची. एक वाळलेलं रोप, त्याच्याच देठाने दुमडून बांधलेलं. आणि एक गुंडाळलेली चटई.

"हे आपल्या मक्यात होतं," ती म्हणाली. "एखादं चुकार झाड नाही. ओळीत लावलंय."

थोरल्याचा चहाचा कप ओठाशी थांबला. आत्या खिडकीपाशी शेंगा सोलत बसली होती. तिचा हात थांबला नाही. हात थांबला की तोंड उघडं पडतं, हे ती लहानपणीच शिकली होती.

"गांजा आहे हा," थोरला म्हणाला.

"ते मलाही कळतं. चटई कुणाची, ते विचारते मी."

धाकटा तेवढ्यात एका जुळ्याला खांद्यावर टाकून आत आला. "अरे, माझी चटई! कुठं सापडली वहिनी? मी कालपासून शोधतोय."

धाकट्याने टेबलाकडे पाहिलं, मग भावाकडे, मग वहिनीकडे. खांद्यावरचं मूल त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"हे काय आहे?"

"तूच सांग," थोरला म्हणाला. "चटई तुझी. मक्यात दुपारी तू जातोस, हे सगळ्या घराला माहीत आहे. कशाला जातोस?"

"झोपायला!"

"झोपायला."

"भाऊ, जुळ्यांचा बाप हो एकदा, मग कळेल. या घरात पाठ टेकायला जागा कुठं आहे? मक्यात गार असतं, कुणी हाक मारत नाही. पडलो की मेलो."

"आणि पडल्या जागी ही झाडं दिसली नाहीत तुम्हाला भावजी?" थोरलीने विचारलं. "पुरुषभर उंच झाडं?"

"वहिनी, मी डोळे मिटायला जातो. उघडे ठेवायचे तर इथंच बसलो असतो की."

आत्याला हसू आलं, ते तिने एका शेंगेत लपवलं. पोरगा खरं बोलत होता. एकदा तिला त्याच्या अंगावरून पाय टाकून पुढे जावं लागलं होतं. तोंड उघडं, घोरणं असं की पाखरं उडून जातील. पण खरं बोलून सुटण्याइतकं धाकट्याचं नशीब कधीच चांगलं नव्हतं. सोळाव्या वर्षी गोठ्यामागे चिलीम ओढताना तो सापडला होता, आणि ती चिलीम घराने अजून विझू दिली नव्हती. नंतर काही वर्षं त्याने ट्रक चालवला, नाही नाही त्या गावांचं पाणी प्याला, आणि बायकोला दिवस गेल्यावर परत आला. आपण घर सांभाळलं आणि हा आयत्या पिठावर रेघोट्या मारायला आला, हे थोरल्याच्या मनातून गेलंच नव्हतं.

"वकीलसाहेबांना बोलावतो," थोरला म्हणाला.

वकीलसाहेब म्हणजे घरचे जावई. तालुक्याच्या कोर्टात काम चालवत, आणि कुठंही बसले तरी समोर न्यायाधीश असल्यासारखे बसत. चहा गार व्हायच्या आत त्यांची गाडी दारात लागली. त्यांनी फांदी पाहिली, तिला बोट लावलं नाही, रुमालाने मात्र बोट पुसलं.

"हे शेत कुणाच्या नावावर?"

"दादांच्या."

"म्हणजे पहिला आरोपी पलंगावर झोपलाय," वकीलसाहेब म्हणाले. "आज कुणाला कळलंय?"

"आपल्यालाच," थोरला म्हणाला. "पण उद्या सकाळी पाहणीदार येणार आहे. आणि त्याच्यामागोमाग तुरे काढायला बायका. एकेक ओळ पायाखाली घालणार त्या."

आता मात्र आत्याचा हात थांबला.

"कसला पाहणीदार?" ती म्हणाली. "आणि मक्याचे तुरे कोण काढतं? डोक्याला मुंडावळ्या बांधायच्यात का त्याच्या?"

थोरला खाली पाहू लागला. थोरली नवऱ्याकडे पाहू लागली, आणि त्या पाहण्यात 'सांगा आता' असं स्पष्ट होतं.

"आत्या, हा खायचा मका नाही," थोरला शेवटी म्हणाला. "बियाण्याचा आहे. कंपनीशी करार केलाय, पाहणीदार त्यांचाच. चार ओळी मादीच्या, एक नराची. मादीचे तुरे फुलायच्या आत उपटायचे, म्हणजे नराचाच पराग पडतो. तू तेव्हा दवाखान्यात दादांजवळ होतीस, म्हणून..."

"म्हणून सांगितलं नाहीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दवाखान्यातून परत आल्यावर तिने ते रान पाहिलं होतं. चार ओळी जोमदार, पाचवी बुटकी, तिच्यात जागोजाग न उगवलेले खाडे. तिने थोरल्याला भर अंगणात फैलावर घेतलं होतं. 'पेरायला आंधळा बसवला होतास काय रे?' आणि तो मुकाट्याने ऐकून घेत होता. तिला वाटलं, पोरगा वयाबरोबर नम्र झाला. नम्र कसला, चोराच्या मनात चांदणं! नर ओळ मुद्दाम उशिरा पेरतात, म्हणून ती बुटकी होती. आणि आपण त्या खाड्यांत रोपं लावली, मक्याच्या मध्यात कुणी जात नाही या भरवशावर. साऱ्या शिवारात जी एक जागा लोक हाताने चाचपून बघणार, नेमकी तीच निवडली.

"मी सांगतो काय करायचं," थोरला उठून उभा राहिला. "झाडं आजच्या आज उपटायची. आणि धाकट्याने आज संध्याकाळच्या आत दुसरीकडे बिऱ्हाड करायचं. ट्रॅक्टरची किल्ली ठेव टेबलावर."

"जुळ्यांना घेऊन?" धाकट्याचा आवाज चिरकला. "भाऊ, शप्पथ घेतो. मी नाही लावलं."

"मग कुणी, बुजगावण्याने? दादांच्या जमिनीवर जप्ती आली असती. पोलीस आले असते त्यांच्या पलंगापाशी. हे एकदा पोटात घातलं तर तू पुन्हा करशील."

"कायद्याने बोलायचं तर," वकीलसाहेब म्हणाले, "कुटुंबाने वेळीच संबंध तोडल्याचं दिसलेलं बरं."

धाकट्याने खिशातून किल्ली काढली. टेबलावर ठेवताना ती वाजली आणि खांद्यावरचं मूल दचकून रडू लागलं. आतल्या खोलीत आईजवळ असलेल्या दुसऱ्याने साथ दिली.

आत्याने शेंगांची परडी खाली ठेवली.

"किल्ली उचल," ती म्हणाली. "झाडं मी लावलीत."

थोरली म्हणाली, "आत्याबाई, पुरे आता."

"काय पुरे?"

"त्यांना पाठीशी घालणं. लहानपणी काच फोडली भावजींनी, नाव घेतलंत मांजराचं. चिलीम सापडली तेव्हा म्हणालात, ती कैलासवासी आजोबांची, पोराने आठवण म्हणून हातात धरली होती."

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"आत्याबाई," वकीलसाहेब मायेने म्हणाले, "तुमचं वय, तुमचं या मुलावरचं प्रेम. असली कबुली कोर्टात एक मिनीट टिकत नाही."

"आत्या, राहू दे," खुद्द धाकटा म्हणाला. "माझ्यासाठी कशाला आपल्या अंगावर घेतेस?"

आता आली का पंचाईत! जन्मभर या पोरासाठी बोललेलं प्रत्येक खोटं घराने गोड मानून घेतलं, आणि आज पहिल्यांदा खरं बोलली तर कुणी ऐकेना. ती टेबलाजवळ गेली. तिने ते वाळलेलं रोप उचललं. देठाला देठाची गाठ मारलेली, मूळ वर. मादीत बी धरू नये म्हणून गांजाची नर झाडं तिने फुलायच्या आत उपटून काढली होती, आणि उपटलेलं तिथंच टाकून यायचं तर हाताने ऐकलं नव्हतं. हाताने दुमड घातली, गाठ मारली आणि ते मक्याच्या ताटाला उलटं टांगलं. डोकं म्हणत होतं, पुरून टाक. पण हात बापाच्या तालमीतले.

बाप दोर वळायचा. त्या काळी हे झाड बांधाबांधाला असे आणि त्याला कुणी गांजा म्हणत नसे, दोराचं झाड म्हणत. नर आधी उपटायचा, कारण त्याचा वाख, म्हणजे सालीचा धागा, मऊ. उपटला की वाख न मोडता बांधायचा आणि उलटा टांगायचा. बाप डावखुरा, म्हणून गाठही डावी. ती त्याने आपल्या दोन पोरांना शिकवली. मग एका वर्षी जीप आली, माणसं उतरली, आणि त्यांनी बापादेखत सगळं कापलं. बाप पुढे फार दिवस मान वर करून चालला नाही. दादा तेव्हा मिसरूड फुटलेले. त्यांनी कालव्याकाठची उरलेली झाडंही शोधून शोधून उपटली आणि सांगून ठेवलं, या झाडाचं पानसुद्धा माझ्या हद्दीत दिसता कामा नये. ते आजवर पाळलं गेलं होतं. म्हणूनच रोज संध्याकाळच्या दुधात काय असतं, हे आत्याने त्यांना सांगितलं नव्हतं. कळलं तर पेला भिंतीवर बसेल. आणि मग पुन्हा त्या रात्री, उशी दातांत धरून कण्हणारा भाऊ आणि दाराशी बसलेली ती.

ही गाठ कुणाची, हे ओळखणारं जगात एकच माणूस उरलं होतं. त्याच्यापुढे ती नेली तर पोराचं घर वाचत होतं आणि भावाची झोप जात होती.

आत्याने फार वेळ घेतला नाही. एक घाव दोन तुकडे, हा तिचा स्वभाव. रोप हातात घेऊन ती मागच्या खोलीकडे निघाली.

"दादांना यात ओढू नकोस!" थोरला मागून ओरडला.

"तो यात माझ्याआधीपासून आहे," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

दादा जागे होते. उशाच्या खिडकीतून मक्याचे शेंडे दिसत.

"ढब्ब्या," आत्या म्हणाली. लहानपणी ते गुबगुबीत होते. आता पलंगावर पांघरुणाखाली माणूस आहे की नाही हे चाचपून बघावं लागे, पण नाव तेच होतं.

"बाहेर कसला बाजार भरलाय, ताई?"

तिने उत्तर दिलं नाही. रोप त्यांच्या पांघरुणावर ठेवलं. दादांनी ते उचललं. त्यांची बोटं काटक्यांसारखी झाली होती, पण गाठीवर आली आणि एकदम शहाणी झाली. आधी अंगठा वळशावर, मग मधलं बोट आत.

"बाबांची गाठ," ते म्हणाले.

"कुणी मारली, सांग."

"तू मारलीस. बाबा मातीत आहेत, मी पलंगावर आहे. तिसरा कोण उरला?" त्यांनी रोप नाकाशी नेलं आणि तसेच थांबले. "कुठलं हे?"

"मक्यातलं."

"आणि माझ्या दुधातलं?"

"तेच."

बाहेर दोन्ही जुळी एका सुरात लागली होती. आत्याने उशाजवळचा पेला हळूच लांब सरकवून ठेवला, सवयीने. पण दादांनी पेल्याकडे पाहिलंही नाही. खिडकीकडे पाहत ते म्हणाले, "म्हणजे मी बरा होत नव्हतो."

तिने आयुष्यात बऱ्याच गोष्टींची तयारी ठेवली होती. शिव्यांची होती, रागाची होती. या वाक्याची नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"मग काय होत होतं?"

"झोपत होतास, ढब्ब्या. एवढंच."

"आणि दवाखान्याच्या गोळ्या?"

"त्या तू दुसऱ्याच आठवड्यात ओकायला लागलास. ओकलेलं मी उचललं, म्हणून मला माहीत."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

बोलता बोलताच तिला कळलं, अगदी हेच बोलणं तिने आत्ता स्वयंपाकघरात ऐकलं होतं, दुसऱ्या बाजूने. एकाच घरचं पीक, दुसरं काय!

दादांनी तोंड भिंतीकडे केलं. आत्या बसून राहिली. माफी मागायला ती आली नव्हती आणि मागणार नव्हती. पुन्हा तशाच रात्री आल्या असत्या तर तिने पुन्हा कालव्यापलीकडे, दादांच्या हद्दीबाहेर जाऊन बी वेचलं असतं. पण उठूनही जाववेना. पांघरुणाबाहेर आलेला भावाचा पाय तिने झाकला.

"छान झोप होती," भिंतीकडे पाहतच दादा म्हणाले.

"होय ना?"

"स्वप्नात बाबा दोर वळत होते. मी म्हणायचो, हे आता कसे काय दिसायला लागले." ते वळले. डोळे ओले होते, पण आवाज पूर्वीचा, बांधावरून हाक मारायचा. "बाहेर कशावरून चाललंय?"

तिने सांगितलं. चटई, किल्ली, बियाण्याचा मका, उद्याचा पाहणीदार. दादांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सगळ्यांना बोलाव. आणि माझी उशी वर कर. पडून न्याय करत नाहीत."

सगळे आले. धाकटा दोन्ही खांद्यांवर दोन मुलं घेऊन दाराशीच उभा राहिला, जणू आताच पाहुणा झाला होता. वकीलसाहेबांनी खुर्ची घेतली. दादांनी गाठ सोडली आणि देठ पुढे केला.

"ज्याने झाडं लावली, त्याने ही गाठ मारली. चला, एकेकाने मारून दाखवा. आधी धाकटा."

धाकट्याने मुलं वहिनीकडे दिली. त्याने मारलेली गाठ दादांनी फुंकर मारावी इतक्या सहज सोडली. थोरल्याने दोनदा वळसा घातला, देठ मोडला. दुसरा देठ आणला. वकीलसाहेब म्हणाले, माझा काय संबंध, पण मग राहवेना, आणि त्यांनी मोठ्या नजाकतीने गळ्यातल्या टायची गाठ मारून दिली.

"ही कोर्टात टिकेल," दादा म्हणाले.

मग आत्याने देठ घेतला. ती खिडकीबाहेर बघत होती. डाव्या हाताने वळसा, अंगठ्याने दाब, एक झटका. गाठ पांघरुणावर पडली. दादांनी ती सगळ्यांना दाखवली. कुणाला सुटेना.

"आत्या..." थोरला म्हणाला, आणि त्याने गाठ पुन्हा ओढून पाहिली.

"खरं बोलायची सवय नाही ना मला, म्हणून जड गेलं तुम्हाला," आत्या म्हणाली.

थोरली मुलांना थोपटत उभी होती. तिच्याकडे पाहून दादा म्हणाले, "गादी चांगली आहे हो तुझी. तिचाही गुण असेल थोडा." ती रडता रडता हसली, मग एकदम पुढे होऊन तिने एक मूल धाकट्याच्या हातात दिलं. "घ्या भावजी. आणि चटई टेबलावर आहे. दुपारी जा झोपायला, मी धरीन दोघांना."

"किल्ली दे त्याची," दादांनी थोरल्याला सांगितलं.

थोरला किल्ली घेऊन आला. ती धाकट्याच्या हातात ठेवताना त्याने हात लगेच सोडला नाही. "चुकलं माझं," तो म्हणाला. फार हळू म्हणाला, पण धाकट्याला ऐकू आलं.

"काय म्हणालास भाऊ? मुलं रडतायत, नीट ऐकू नाही आलं."

"गाढवा, आलंय तुला ऐकू."

"आणि तू," दादा थोरल्याला म्हणाले, "माझ्या शेतात काय पेरलंय हे मला कंपनीच्या माणसाकडून कळणार होतं काय? धन्य आहे. एकाच रानात दोघांनी चोरून शेती केली. तू गुपचूप नर पेरलेस, हिने गुपचूप नर उपटले. घर कसं, तर भरभराटीचं!"

थोरलाही हसला तेव्हा कुठे खोलीतली हवा मोकळी झाली. वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "कायद्याने बोलायचं तर..."

"कायदा मी पाहिलाय," दादा म्हणाले. "तो जीपमधून येतो. जीप यायच्या आत एकूण एक झाड उपटा. मुळासकट. शेणखताच्या खड्ड्यात खाली घाला." मग ते बहिणीकडे वळले. "डब्यात वाळलेलं किती आहे?"

आत्याने उत्तर द्यायच्या आधी वकीलसाहेब खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठ करून मक्याचे शेंडे मोजू लागले. "माझे कान जरा बसलेत आज," ते काचेला म्हणाले.

"मका निघेपर्यंत पुरेल," आत्या म्हणाली.

"मग मलाही तेवढंच पुरे. संध्याकाळचं दूध चालू ठेव. फक्त साखर जास्त घालतेस, ती कमी कर. वास लपवायला घालत होतीस ना? आता कशाला?"

दुपारी सगळे मक्यात गेले. घराच्या आठवणीत अशी वेळ क्वचितच आली असेल की थोरला, धाकटा आणि वकीलसाहेब एका ओळीत वाकलेत. वकीलसाहेबांनी पॅन्ट दुमडून घेतली होती आणि प्रत्येक झाड उपटताना ते इकडेतिकडे पाहत होते, जणू रानात कुणी हरकत घेईल. मक्याची पाती गालांना चावत होती. आत्या पुढे चालून झाड दाखवायची. आपण लावलेलं आपणच दाखवायचं हे तिला जड गेलं नाही. पीक त्याचं काम करून गेलं होतं.

मध्येच थोरली तिच्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात उपटलेलं झाड होतं, मातीसकट.

"आत्याबाई, खड्ड्यात नेण्याआधी एकदा दाखवा ना. ती गाठ."

"तुला काय करायची?"

"कुणाला तरी यायला हवी घरात."

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं एका चुलीवर राहून ही बाई तिला नाकाने कांदे सोलणारी वाटत आली होती. "डावा हात पुढे कर," ती म्हणाली. "डावा म्हटलं. तो उजवा झाला. आता वळसा स्वतःकडे, असा. ओढू नकोस, दाब." थोरलीची गाठ तिसऱ्या खेपेला बसली. तिने ते झाड मक्याच्या ताटाला उलटं टांगलं, लांब जाऊन पाहिलं, मग स्वतःच काढून खड्ड्याकडे नेलं.

सकाळी पाहणीदार आला. टोपीवाला, तरुण, बोलायला गोड पण नजर घारीची. थोरला त्याच्याबरोबर ओळीओळीने फिरला. आत्या बांधावर उभी होती. मादी ओळींवर तो खूश दिसला. नर ओळीपाशी मात्र थांबला, वाकला, माती बोटाने उकरून पाहिली.

"इथं खाडे फार दिसतात. आणि माती ताजी हललेली आहे. काही उपटलंय का?"

थोरला पायाने माती सारखी करू लागला.

"उपटलंय तर!" आत्या बांधावरून ठणकावून म्हणाली. "तण होतं. तुमचा पाय पडायच्या आत काढलं. आणि खाडे म्हणाल, तर पेरायला याने आंधळा बसवला होता. अंगणात उभा करून बोलले मी याला. विचारा हवं तर."

थोरल्याने मान खाली घातली. "बोलली होती," तो म्हणाला.

पाहणीदार हसला. "आजी, तुम्ही आमच्या कंपनीत या."

"मला नेलंत तर तुमच्या साहेबाला रोज बोलणी बसतील," आत्या म्हणाली, आणि तुरे काढायला आलेल्या बायकांना हाक मारायला गेली.

त्या महिन्यांत दादांचा पलंग खिडकीला समांतर लावला होता, रान सबंध दिसावं म्हणून. दिवसभर बायका ओळीतून चालत, तुरे उपटत, आणि दादा पलंगावरून थोरल्याला हुकूम सोडत, ती ओळ राहिली, तिकडे बघ. बियाण्याच्या शेतीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण म्हणून गप्प बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. दुपारी धाकटा चटई घेऊन मक्यात जाई. संध्याकाळी आत्या दूध आणी, साखर कमी घातलेलं. दादा पेला हातात घेऊन आधी वास घेत आणि मग पीत. "बाबांना सांगा, दोर नीट वळा म्हणावं," असं पाळण्यातल्या पोरांना म्हणत आणि झोपत.

कणसं भरली, वाळली, खुडायला घेतली. डब्यात तळाशी चिमूटभर उरलं होतं.

जुळ्यांना पहिले दात आले त्या आठवड्यात, कणसांची शेवटची गाडी भरत असताना, सकाळी दादा झोपेत गेले. आत्या त्यांच्यानंतर अकरा वर्षांनी गेली, मका पेरायच्या दिवसांत, भर दुपारी, बांधावर बसल्या बसल्या.